गारव्याचा बुरखा

चैत्र सरून वैशाख लागला की आमच्या शहरांतील सुखवस्तू घरांतून गेली काही वर्षे एक नवा आवाज ऐकू येऊ लागला आहे. मिक्सरच्या भांड्यात बर्फाचे खडे फुटण्याचा तो आवाज होय. पूर्वी या दिवसांत पाहुणा दारी आला म्हणजे पन्हे, कोकमाचे सरबत, निदान वाळा घातलेले माठातले पाणी तरी पुढे येई; आता डाइकिरी, मार्गारीटा, पिना कोलाडा अशा नावांचे, बर्फाच्या चुऱ्याने दाटलेले रंगीत पेले पुढे येतात. कोठे त्यांत मद्य असते, कोठे नसते. नसले म्हणजे त्यांस ‘मॉकटेल’ म्हणावयाचे. या रिवाजाविषयी सुशिक्षितांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो की ही परकी थेरे घरात नकोत. दुसरा म्हणतो की काळाबरोबर चालावे व उन्हाळ्यात घटकाभर मौज करावी. आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. कारण पेल्याच्या नावावरून दोघेही हमरीतुमरीवर येतात, पण पेल्यात काय आहे हे दोघांपैकी कोणीच पाहत नाही.

आम्हांसही ते पाहण्याची बुद्धी केवळ अपघाताने झाली. एका स्नेह्यांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात आमच्यापुढे स्ट्रॉबेरीचा असा एक गोठलेला पेला आला. पहिले दोन घोट झकास लागले. पुढे गप्पांच्या नादात पेला तसाच राहिला, आणि तासाभराने उचलला तेव्हा बर्फ विरघळून गेला होता. उरले होते ते तांबडे, ओठांना चिकटणारे, घशाशी बसणारे गोड पाणी. त्यात स्ट्रॉबेरीचा कण नव्हता, बी नव्हते, आंबटपणाही नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांबड्या सिरपची बाटली उभी होती. आणि तिच्या शेजारीच परडीत पिकलेल्या हापूसचा घमघमाट सुटला होता! यजमानांच्या अगत्यात तिळमात्र उणे नव्हते. त्यांनीही तो पेला गारेगार असतानाच चाखला होता, आणि गारव्याने जसे आम्हांस तसेच त्यांसही फसविले होते.

आमचा मुद्दा हाच आहे. गारवा स्वतः स्वाद देत नाही. तो स्वादावर बुरखा घालतो. पदार्थ जितका थंड तितकी त्याची गोडी जिभेला कमी जाणवते. जिभेच्या पेशींत गोडीचा संदेश पुढे पोहोचविणारी जी एक वाहिनी आहे, तिचे काम उष्णतेने वाढते व थंडीने मंदावते, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. पण त्यासाठी प्रयोगशाळेची पायरी चढण्याची गरज नाही. वितळलेले आइस्क्रीम चाटणाऱ्या प्रत्येक मुलाला ते गोठलेल्या आइस्क्रीमपेक्षा फार गोड असते हे ठाऊक आहे. सुगंधाचीही तीच गत. थंड द्रवातून तो कमी उडतो, आणि फळाची ओळख तर बव्हंशी नाकानेच पटते. तेव्हा ज्याला फळ न घालता फळाचे नाव विकावयाचे आहे, जास्तीची साखर खपवावयाची आहे, किंवा मद्याची धार लपवावयाची आहे, त्याला बर्फासारखा दुसरा सोबती मिळणार नाही.

कोणी म्हणेल की हा दोष या पेयांच्या जन्मापासूनचाच असेल. तसे नाही. डाइकिरी हे नाव क्यूबातील सांतियागो शहराजवळच्या एका गावाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोखंडाच्या खाणींवर काम करणाऱ्या अमेरिकन अभियंत्यांत हे पेय रूढ झाले, आणि त्यात रम, लिंबू व साखर या तीन वस्तूंखेरीज काही नव्हते. पुढे हवानातील ‘फ्लोरिदिता’ या प्रसिद्ध मद्यगृहात कॉन्स्तांतिनो रिबालाइग्वा याने विजेच्या यंत्रात बर्फाच्या किसाबरोबर ते घुसळून त्यास गोठलेले रूप दिले. त्याचे सर्वांत विख्यात गिऱ्हाईक म्हणजे कादंबरीकार हेमिंग्वे. तो आपल्या पेल्यात साखर घालू देत नसे. हेमिंग्वेच्या मद्यपानाचे अनुकरण करा असे आम्ही कोणासही सांगणार नाही. पण साखरेवाचून हे पेय उभेच राहत नाही, हा समज किती पोकळ आहे एवढे त्यावरून दिसते.

पिना कोलाडाची कथा तर याहून बोलकी आहे. या स्पॅनिश शब्दांचा अर्थच मुळी ‘गाळलेले अननस’ असा आहे. प्वेर्तो रिकोने १९७८ साली ज्यास आपले राष्ट्रीय पेय म्हणून मान दिला, ते अननस, नारळ व रम यांचे मिश्रण होय. आमच्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अननसही पिकते आणि नारळ तर दारातच लोंबतो. असे असता त्याच किनाऱ्यावरच्या घरात हे पेय परदेशी बाटलीतून ओतून घ्यावे, यास परकी फॅशन म्हणण्यापेक्षा स्वदेशी आळस म्हणणेच अधिक सयुक्तिक होईल.

मग साखरेचा हा पूर आला कोठून? आमच्या मते तो यंत्रातून आला. अमेरिकेतील डलास शहरी मारियानो मार्तिनेस या उपाहारगृहाच्या मालकाने १९७१ साली मऊ आइस्क्रीमचे यंत्र बदलून त्यात मार्गारीटा गोठविण्याची युक्ती काढली. ते यंत्र २००५ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या ताब्यात आहे, यावरून त्याचा महिमा कळेल. परंतु अशा यंत्राचा एक नियम आहे. मिश्रणात साखर पुरेशी नसेल तर त्याचा दगड होतो आणि मद्य अधिक असेल तर ते गोठतच नाही. म्हणजे तेथे साखर घालावी लागते ती यंत्र चालावे म्हणून. बाटलीबंद मिश्रणे त्याच चवीची नक्कल करू लागली आणि लोकांच्या जिभा त्या चवीला सरावल्या. आमच्या घरात ते यंत्र नाही, त्याची गरजही नाही. त्याची साखर मात्र घरात येऊन बसली आहे.

ही साखर काढून दुसरे काही घातले की प्रश्न सुटला, असेही कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये गोड पेयांवर २०१८ साली कर बसला, आणि मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठलेल्या रंगीत पेयांत साखरेऐवजी ग्लिसरॉल घालण्याचा प्रघात वाढला. कारण पेयाचा दगड होऊ न देण्याचे काम तेही करते. परिणाम असा झाला की ही पेये प्याल्यावर थोड्याच वेळात रक्तातील साखर एकाएकी उतरून लहान मुलांची शुद्ध हरपल्याची प्रकरणे वैद्यकांस नोंदवावी लागली. तेथील अन्नप्रमाण संस्थेने २०२३ साली चार वर्षे व त्याखालील मुलांस अशी पेये विकू नयेत असा सल्ला दिला, आणि २०२५ साली सात वर्षांखालील कोणत्याही मुलास ती देऊ नयेत असे सांगितले. मद्याचा थेंबही नसलेल्या पेल्याची ही कथा आहे! ‘आमच्या पेल्यात दारू नाही, म्हणजे तो निर्दोष’ असे छाती पुढे काढून सांगणाऱ्या सोवळ्या पक्षाने ती मनन करण्यासारखी आहे.

आता मद्याविषयी. महाराष्ट्रात कायद्याने मद्यसेवनास परवाना लागतो, आणि रम, जिन यांसारख्या कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पुरी असावी लागतात. कायदा पाळून आपल्या घरी बेताने पिणाऱ्या प्रौढ माणसास उपदेश करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. पण मद्याची जी तिखट जळजळ घशास जाणवते ती निसर्गाने दारात बसविलेली राखणदार आहे. ती ‘पुरे’ म्हणते. बर्फ आणि साखर मिळून त्या राखणदारास गाढ झोपवितात. सुमारे चाळीस टक्के अल्कोहोल असलेली रम घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवरही गोठत नाही. तीच फळाच्या नावाखाली सरबतासारखी सपासप प्यायली जाते, आणि जे प्रमाण एरवी तासभर पुरले असते ते दहा मिनिटांत पोटात जाते. त्यातच मद्याचे व बिनमद्याचे पेले एकाच रंगाचे, एकाच तबकात फिरू लागले म्हणजे घरातील मुलाच्या हाती कोणता लागेल याचा नेम नाही. म्हणून आमचे यजमानांस निक्षून सांगणे आहे की मद्य मिश्रणात घालूच नये. फळाचे पेय सर्वांसाठी एकच करावे; ज्यास हवे असेल त्याने आपल्या पेल्यात मोजून, उघडपणे, वरून घालावे.

एवढे खंडन केल्यावर मंडन करणे आमच्याकडे लागले. उपाय साधा आहे: पाणी गोठवू नका, फळ गोठवा. फळाच्या फोडी ताटात एकमेकींस न चिकटतील अशा पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात व मग डब्यात भराव्यात. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन फळाच्या पेशी फुटतात, म्हणून अशी फोड वितळल्यावर खाण्यास लिबलिबीत लागते. परंतु मिक्सरमध्ये तोच दोष गुण ठरतो. पेय करण्याच्या वेळी फोडी पाच मिनिटे बाहेर ठेवून, दोन वाट्या फळास साधारण अर्धी वाटी शहाळ्याचे पाणी, लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून थांबत थांबत फिरवावे. द्रव अगदीच कमी पडला तर पाते हवेत फिरत राहते आणि यंत्र तापते; तेव्हा चमचा चमचा वाढवावा. साखर चाखल्यावाचून घालू नये. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बिया काढलेल्या त्याच्या गोठलेल्या फोडी म्हणजे निसर्गाने रंगवून, सुवासून दिलेला बर्फ होय. त्यात कोकमाचे आगळ घालावे आणि मग बाटलीतल्या तांबड्या सिरपाची आठवण होते का ते पाहावे. आंब्याच्या फोडींना लिंबू व मीठ पुरते. अननसाला नारळाचे घट्ट दूध. गोव्यात काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली वाफ धरून काढलेला हुर्राक उन्हाळ्याच्या मोसमात लिंबू, मीठ व चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. आंबट, खारट व तिखट यांनी फळाची चव उठावते हे तेथील पिणाऱ्यांस कोणत्याही पुस्तकावाचून कळले होते; बिनमद्याच्या पेल्यासही तो धडा तितकाच लागू आहे. शिवाय फळच गोठविले म्हणजे बाजारच्या बर्फाची लादी आणावी लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फास निळा रंग देण्याची सक्ती करावी लागली, यावरून तो बर्फ कोठकोठे पोहोचत होता याची कल्पना यावी.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. हापूस महाग खरा; पण मोसमाच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, भाव उतरतात, आणि डागाळलेले फळ चिरून गोठविण्यास चालते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात स्वस्त असताना गोठविली तर मे महिन्यात हाताशी राहते. उलट बाटली काय देते? आपल्याकडील नियमांप्रमाणे फळाच्या स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस असावा लागतो, आणि नुसत्या कृत्रिम स्वादाच्या सिरपास तेवढेही बंधन नाही. साखर, रंग व वास यांस फळाच्या भावाने पैसे मोजणारा गृहस्थ काटकसरी कसा? दुसरा आक्षेप असा की फळातही साखर असतेच. असते, हे आम्ही मान्य करतो. मधुमेह्याने आंब्याचा पेला जपूनच प्यावा. परंतु फळातली साखर वाढणाऱ्यास आणि पिणाऱ्यास ठाऊक असते. ती लपून येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: ‘मौजेच्या गोष्टीत एवढी चिकित्सा कशाला?’ आमचे उत्तर असे की मौजेतच चिकित्सा हवी. औषध बेचव असले तरी माणूस घेतो. मौज जर नकली निघाली तर तिच्यात उरले काय? आणि ज्या घरातल्या मुलांना आंब्याची चव आंब्याऐवजी बाटलीवरून कळू लागली, त्या घरात पुढे खरा आंबा आला तरी तो फिका लागेल. हे नुकसान एका उन्हाळ्याचे नाही.

म्हणून या मोसमात आमची एवढीच सूचना आहे. पाहुण्यांस नवे पेय देण्यापूर्वी त्यातले चार घोट एका वाटीत काढून तासभर बाजूस ठेवावे. सगळा गारवा निघून गेल्यावर, खोलीच्या उष्णतेत, ते चाखावे. फळाची चव लागली तर पेय खुशाल वाढावे, मग त्याचे नाव क्यूबातले असो की कोकणातले. नुसती साखर लागली तर ते मोरीत ओतावे, आणि परडीतले आंबे चिरावयास घ्यावेत.