गव्हाचा हिशेब

गोदीत पाठीवर पोतं पडतं तेव्हा त्यातला गहू कुणाच्या वावरातला, ते पाठीला कळत नाही. म्हणून विचारायचं.

२०२५-२६ च्या खरेदी हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये. सरकार म्हणतं, खर्च १,१८२. पण त्यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा खंड धरलेलाच नाही, ही ओरड खोटी नाही. २०२२ च्या मार्चमधल्या उन्हानं दाणा बारीक पडला, मेमध्ये निर्यात बंद, भाव पडला. तेही खरं.

पण ज्याच्या नावावर वावरच नाही, त्याला कसला हमीभाव? २०११ च्या जनगणनेत पंजाबात शंभरात बत्तीस माणसं दलित. २०१५-१६ च्या कृषिगणनेत त्यांच्याकडे शंभर एकरांतले चार एकरही नाहीत! पूर्वी सोंगणीला हात तरी लागत; हार्वेस्टर आला, तीही मजुरी गेली.

१९६१ च्या कायद्यानं गावच्या शामलात जमिनीतला तिसरा हिस्सा दलितांना लिलावानं कसायला राखलाय. पण बोलीला नाव दलिताचं, पैसा जमीनदाराचा. साला हा कायदा! २०१४ पासून संगरूरकडचे भूमिहीन त्याच हिश्शासाठी लाठ्या खातायत. जिथं जिंकले तिथं एकत्र पेरतात, आणि बायांना चाऱ्यासाठी परक्याच्या बांधावर शिव्या खायला जावं लागत नाही.