विश्लेषण : ‘मॉड्यूल’ या एका शब्दामुळे पेटंट कसे गेले? नेटवर्क तंत्रज्ञानात दाव्यांची भाषा इतकी महत्त्वाची का?

‘आमच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाला पेटंट!’ अशा पोस्ट हल्ली रोज दिसतात. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात भारतात १ लाखाहून अधिक पेटंट मंजूर झाली. सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानातील जगभरच्या पेटंटमध्ये भारताचा वाटा १० टक्के असावा, असे उद्दिष्टही ठेवले गेले आहे. पण पेटंट मिळणे आणि ते न्यायालयात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कशी संबंधित अनेक पेटंट वाद शोध किती हुशार आहे यापेक्षा तो कोणत्या शब्दांत लिहिला आहे, यावर फिरतात. हे नेमके कसे होते?

‘दावा’ म्हणजे काय?

पेटंटच्या कागदपत्रांचे ढोबळमानाने दोन भाग असतात. पहिल्या भागात शोधाचे सविस्तर वर्णन असते, आकृत्या असतात, तो कसा वापरायचा हे सांगितलेले असते. शेवटी क्रमांक घालून ‘दावे’ म्हणजे क्लेम लिहिलेले असतात. मालकी हक्क मिळतो तो या दाव्यांत लिहिलेल्या गोष्टीवर. वर्णनात सांगितले, पण दाव्यात आले नाही, तर त्यावर हक्क सांगता येत नाही.

जमिनीच्या खरेदीखताशी याची तुलना करता येईल. खतात जमीन कशी आहे, विहीर कुठे आहे, झाडे किती आहेत हे लिहिलेले असते. पण शेजाऱ्याशी वाद झाला की सगळे आधी चतुःसीमा पाहतात. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, बांध कुठून कुठे जातो. दावे म्हणजे शोधाची चतुःसीमा. ‘पूर्वेस साधारण ओढ्यापर्यंत’ असे लिहिले, तर भांडण ठरलेलेच.

कायदा काय सांगतो?

पेटंट कायदा, १९७० च्या कलम १० नुसार संपूर्ण तपशीलपत्राच्या शेवटी संरक्षणाची व्याप्ती ठरवणारे दावे असलेच पाहिजेत. याच कलमाच्या उपकलम ५ मध्ये दाव्यांसाठी प्रमुख अटी आहेत. दावे एकाच शोधाविषयी किंवा एकाच संकल्पनेने जोडलेल्या शोधांविषयी असावेत. ते स्पष्ट आणि नेमके असावेत. आणि वर्णनात जे उघड केले आहे, त्याचाच त्यांना आधार असावा.

पेटंट कार्यालयाच्या पद्धतीनुसार प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहायचा असतो. म्हणून दाव्यांची वाक्ये कधी कधी अर्धे पान लांब असतात. पहिला दावा सहसा सर्वात व्यापक असतो. त्यानंतरचे ‘दावा १ प्रमाणे, ज्यात...’ असे सुरू होऊन एकेक बारकावा जोडतात. पहिला बांध पडला तर आतला बांध टिकावा, असा त्यामागचा हेतू. दहापेक्षा जास्त दावे असतील तर प्रत्येक जादा दाव्याला शुल्क लागते.

युरोपात पेटंट मंजूर झाल्यावर केवळ ‘दावा अस्पष्ट आहे’ एवढ्या कारणाने त्याला विरोध करता येत नाही. भारतात मात्र कलम ६४ नुसार दाव्याची व्याप्ती पुरेशी आणि स्पष्टपणे ठरवलेली नसणे, हे मंजूर पेटंट रद्द करण्याचे एक कारण आहे. म्हणजे अर्ज तपासताना सुटलेली संदिग्धता काही वर्षांनी प्रतिस्पर्धी कंपनी उकरून काढू शकते.

‘मॉड्यूल’ शब्दाने काय झाले?

या विषयातले सर्वात बोलके प्रकरण अमेरिकेतले आहे. १९९८ मध्ये दूरस्थ शिक्षणाच्या प्रणालीसाठी तिथे एक अर्ज दाखल झाला आणि २००० मध्ये पेटंट मिळाले. शिक्षक एका संगणकावर, विद्यार्थी आपापल्या संगणकांवर, मध्ये एक सर्व्हर आणि पडद्यावर वर्गासारखे चित्र. करोनाकाळात घराघरात पोहोचलेल्या ऑनलाइन वर्गाची ही वीस वर्षे आधीची कल्पना. पुढे पेटंटधारकाने सिट्रिक्ससह अनेक बड्या तंत्रज्ञान कंपन्यांवर दावा दाखल केला.

पेटंटच्या आठव्या दाव्यात सर्व्हरचा एक भाग होता : दूरस्थ शिक्षण नियंत्रण मॉड्यूल. हे मॉड्यूल संदेश स्वीकारेल, योग्य संगणकाकडे पाठवेल आणि बाकी भागांचा मेळ घालेल, असे लिहिले होते. ते हे कसे करेल, हे दाव्यात नव्हते.

अमेरिकी कायद्यात एखाद्या भागाचे वर्णन रचनेऐवजी केवळ कामावरून करण्याची मुभा आहे. पण मग ते काम करणारी रचना तपशीलपत्रात द्यावी लागते. संगणकाच्या बाबतीत याचा अर्थ अल्गोरिदम, म्हणजे काम करण्याच्या पायऱ्या. ‘साधन’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दाव्यात वापरला नाही, तर ही अट बहुधा लागू होत नाही, असा तोवर वकिलांचा भरवसा होता.

जून २०१५ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने हा भरवसा मोडला. ‘मॉड्यूल’ हा शब्द कोणतीही ठोस रचना सांगत नाही, तो ‘साधन’ या शब्दाचाच दुसरा मुखवटा आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. मग वर्णनात अल्गोरिदम शोधला गेला. पेटंटधारकाने आकृत्यांकडे बोट दाखवले, पण त्यांत पडद्यावर काय दिसेल एवढेच होते. तज्ज्ञाची साक्षही उपयोगी पडली नाही, कारण कागदात जे नाही ते साक्षीदाराला नंतर भरता येत नाही. आठव्यापासून सोळाव्यापर्यंतचे दावे अनिश्चित म्हणून अवैध ठरले.

त्याआधी एकच वर्ष, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉटिलस प्रकरणात स्पष्टतेची कसोटी कडक केली होती. त्या क्षेत्रातील जाणकाराला शोधाची सीमा ‘वाजवी खात्रीने’ कळली पाहिजे, असे तिथे ठरले. या दोन निकालांनंतर सॉफ्टवेअर आणि नेटवर्कचे दावे लिहिण्याची पद्धतच बदलली.

नेटवर्कच्या शोधांत अडचण जास्त का?

सायकलचा ब्रेक दाखवता येतो. त्याला लिव्हर असतो, तार असते. नेटवर्कमधला शोध बहुतेक वेळा वर्तनात असतो. पॅकेट कोणत्या मार्गाने पाठवायचे, गर्दी झाली की काय करायचे, फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कधी सोपवायचा. त्यामुळे लिहिणारा नकळत परिणाम लिहितो आणि कृती विसरतो.

एक काल्पनिक दावा पाहू : ‘नेटवर्कवरील गर्दी योग्य रीतीने हाताळून माहिती जलद पोहोचवणारे मॉड्यूल.’ यात ‘योग्य’ कशाला म्हणायचे? ‘जलद’ म्हणजे कशापेक्षा जलद? मॉड्यूल कुठे आहे, राउटरमध्ये की फोनमध्ये? हे वाचून प्रतिस्पर्ध्याला आपण सीमेच्या आत आहोत की बाहेर, हे कळणार नाही.

आता हेच दुसऱ्या रीतीने : ‘राउटर, ज्यातील प्रोसेसर प्रत्येक बाहेर जाणाऱ्या मार्गाच्या रांगेत थांबलेल्या पॅकेटांची संख्या ठरावीक कालांतराने मोजतो, ती संख्या मेमरीत साठवलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो, आणि पहिल्या मार्गावर ती मर्यादा ओलांडली गेल्यास त्यानंतर आलेली पॅकेट दुसऱ्या मार्गाच्या रांगेत टाकतो.’ ही कल्पना जुनीच आहे, त्यामुळे तिला पेटंट मिळणार नाही. पण कोण, काय, केव्हा आणि कशावरून करतो, हे आता कळते.

दुसरी नेहमीची चूक सर्वनामांची. दाव्यात आधी ‘एक सर्व्हर’ असा उल्लेख न करताच पुढे ‘सदर सर्व्हर’ येतो. किंवा दोन संदेशांचा उल्लेख होतो आणि मग ‘तो संदेश’ असे लिहिले जाते. कोणता? रोजच्या बोलण्यात हे खपते. इथे यावरून अर्जावर आक्षेप येतो. म्हणून ‘पहिला संदेश’, ‘दुसरा संदेश’ असे कंटाळवाणे वाटले तरी शेवटपर्यंत लिहावे लागते.

काम अनेकांनी वाटून केले तर?

नेटवर्कमध्ये काम एकटा कोणीच करत नाही. ॲप एकाचे, सर्व्हर दुसऱ्याचे, जाळे तिसऱ्याचे. दावा लिहिताना हे विसरले तर काय होते, हे अकामाई विरुद्ध लाइमलाइट या खटल्यात दिसले.

अकामाईकडे वेबसाइटवरचा मजकूर जगभरच्या सर्व्हरांवर ठेवून वापरकर्त्याला लवकर पोहोचवण्याच्या पद्धतीचे पेटंट होते. ते एमआयटी या संस्थेच्या मालकीचे. त्यातील एक पायरी म्हणजे वेबपानावरच्या कोणत्या गोष्टी या जाळ्यातून जातील, त्यांवर खूण करणे. लाइमलाइट बाकी पायऱ्या स्वतः करत होती, खूण मात्र आपल्या ग्राहकांना करायला सांगत होती. मग सगळ्या पायऱ्या केल्या कोणी? कोणा एकाने नाहीच.

२००६ मध्ये सुरू झालेल्या या खटल्यात २००८ मध्ये ज्युरीने ४ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. ती पुढे रद्द झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०१४ मध्ये परत आले. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये फेडरल सर्किटने लाइमलाइटला जबाबदार धरले, कारण सेवा हवी असेल तर ग्राहकांना ती पायरी करावीच लागत होती. एक पायरी कोणाच्या खात्यावर मांडायची, यावर नऊ वर्षे गेली. सगळ्या पायऱ्या एकाच पक्षाच्या नजरेतून, म्हणजे फक्त सर्व्हरच्या किंवा फक्त फोनच्या बाजूने, लिहिलेला दावा असता तर हा प्रश्न कदाचित उभाच राहिला नसता. जाणकार म्हणूनच एकाच शोधाचे वेगवेगळ्या बाजूंनी दावे लिहितात.

भारतातला पेच कोणता?

भारतात आणखी एक अडथळा आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. म्हणजे पायऱ्या लिहिल्या नाहीत तर दावा अस्पष्ट, आणि फक्त पायऱ्याच लिहिल्या तर ‘हा तर अल्गोरिदम’ असा आक्षेप. अर्जदाराची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर अशी होते.

पेटंट कार्यालयाची संगणकविषयक शोधांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. २०१७ च्या तत्त्वांनुसार ‘अमुक काम करणारे साधन’ असा दावा असेल आणि त्या साधनाची रचना तपशीलपत्रात दिलेली नसेल, तर तो दावा मान्य होत नाही. ही तत्त्वे २०२५ मध्ये पुन्हा सुधारली गेली.

यातून वाट काढली ती ‘तांत्रिक परिणाम’ या कसोटीने. २०१९ मध्ये फरीद अलानी प्रकरणात आणि मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अर्जाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, संगणक प्रोग्रामवर आधारलेला प्रत्येक शोध आपोआप बाद होत नाही. त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसते का, ते पाहावे लागते. मायक्रोसॉफ्टचा शोध नेटवर्कवर वापरकर्त्याची ओळख पटवण्याविषयी होता. अर्ज नाकारणारा आदेश न्यायालयाने रद्द केला.

यात पैसा किती गुंतलेला असतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. मोबाइल तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयाने लावा कंपनीला एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितले. त्या खटल्यात आठ पेटंट होती. सात टिकली, एक अवैध ठरले. आपल्या फोनच्या किमतीत अशा परवान्यांचा खर्च मिसळलेला असतो. म्हणून सीमा अस्पष्ट राहिली तर नुकसान केवळ पेटंटधारकाचे होत नाही. धूसर दाव्याचा धाक दाखवून छोट्या उत्पादकाकडून पैसे मागता येतात, आणि ते शेवटी ग्राहकाच्याच खिशातून जातात.

चूक नंतर सुधारता येते का?

फार थोडी. कलम ५९ नुसार दुरुस्ती केवळ दावा मर्यादित करण्यासाठी, चूक सुधारण्यासाठी किंवा खुलासा करण्यासाठी करता येते. मूळ अर्जात नसलेला तपशील नंतर घालता येत नाही आणि दावा रुंदही करता येत नाही. कुंपण आत ओढता येते, बाहेर सरकवता येत नाही. म्हणून अल्गोरिदम, प्रवाह-आकृती आणि दोन-तीन पर्यायी पद्धती पहिल्याच दिवशी वर्णनात असाव्या लागतात. घाईघाईत चार पानांचा तात्पुरता अर्ज करून ‘बाकी नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना याचा फटका बसतो.

पोस्ट वाचताना काय पाहावे?

एक, पेटंट ‘प्रकाशित’ झाले म्हणजे मिळाले असे नाही. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो. तपासणी अर्जदाराने मागितल्यावर त्यानंतर होते. दोन, मंजूर झाले असेल तर भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोधसेवेवर पहिला दावा वाचा. कोणते यंत्र काय करते हे त्यातून कळले तर सीमा आखलेली आहे. नुसते ‘स्मार्ट’, ‘कार्यक्षम’, ‘मॉड्यूल’ असे शब्द दिसले आणि खाली वर्णनातही पायऱ्या सापडल्या नाहीत, तर अभिनंदन जरूर करा, पण कुंपणाचे खांब अजून रोवलेले नाहीत, हेही लक्षात ठेवा.