काळा मारून टाक!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेले सहा वीकेंड हाताला रंग आणि डोक्याला ताप, एवढंच चालू होतं, त्यामुळे ब्लॉगवर धूळ साचली. आज ती झटकतो आणि त्याच झटक्यात थोडं भांडूनही घेतो. भांडण कुणा माणसाशी नाही, एका वाक्याशी आहे.

"काळा मारून टाक!"

तर झालं असं, की दीड वर्षापूर्वी मी एक मियाटा घेतली. १९९५ ची माझदा एमएक्स-५, दोन सीटची, उघड्या टपाची, पापण्या उघडल्यासारखे वर येणारे हेडलाइट असलेली. वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे, खरं तर तिला अहो-जाहोच करायला हवं. ही गाडी पहिल्यांदा लोकांनी पाहिली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या ऑटो शोमध्ये. तिची पहिली पिढी १९९७ पर्यंत बनली. पुढच्या पिढ्या धरून एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. म्हणजे ही काही श्रीमंतांच्या गॅरेजमधली दुर्मीळ चीज नव्हे. न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहणाऱ्या, व्हिसाच्या तारखा मोजणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्स कार आहे. बायको तिला 'तुझं खेळणं' म्हणते. तेही बरोबरच आहे म्हणा.

माझ्या गाडीचं इंटिरिअर टॅन आहे. टॅन म्हणजे साधारण पार्ले-जी बिस्किटाचा रंग. म्हणजे १९९५ साली असावा. माझ्याकडे आली तेव्हा सीट चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या झाल्या होत्या, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उन्हाने फिकट पडलं होतं आणि दुसऱ्या बाजूच्या दाराचं पॅनेल ओल धरून वाकडं झालेलं. पॅनेल म्हणजे हार्डबोर्डवर ताणून बसवलेलं व्हिनाइल. बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो आणि मग देवसुद्धा त्याला सरळ करू शकत नाही. भंगारवाल्या यार्डातून दुसरं पॅनेल आणलं. तेही टॅनच, पण दुसऱ्या गाडीचं, दुसऱ्या उन्हातलं. बसवलं तर काय, एका गाडीत तीन बिस्किटं!

आणि मग सल्ले सुरू झाले. ऑफिसातला मित्र, शेजारचा म्हातारा, पॉटलकला भेटलेले एक काका. सगळ्यांचं एकमत: "काय डोकं लावतोस? सगळं काळं मारून टाक. काळ्याला मॅचिंगची भानगड नाही. आणि आतून कोण बघतंय?"

आता माझं म्हणणं ऐका.

पहिली गोष्ट, "आतून कोण बघतंय?" मी बघतोय ना राव! गाडीचा बाहेरचा रंग सिग्नलला शेजारी उभा असलेला माणूस बघतो. मालक सगळा वेळ आत बसलेला असतो. तरी आपण बाहेरच्या एका ओरखड्यासाठी शेकडो डॉलर मोजतो आणि आत टेपने चिकटवलेलं पॅनेल घेऊन वर्षानुवर्षं फिरतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि मियाटात तर टप उघडला की 'आत' असं काही उरतच नाही. सगळं जगासमोर.

दुसरी गोष्ट, "काळ्याला मॅचिंगची भानगड नाही" हे धादांत खोटं आहे. काळे डझनभर असतात. निळसर काळा, तपकिरीकडे झुकणारा काळा, आणि चकाकी कमी-जास्त असलेले त्याहून वेगळे. तोच रंग जरा चकचकीत झाला की गडद दिसतो, मॅट झाला की फिकट. दोन काळी पॅनेलं शेजारी ठेवून उन्हात न्या, मग बोलू. शिवाय टॅन प्लॅस्टिकचा रंग वरून लावलेला नसतो, तो प्लॅस्टिकच्या अंगातच असतो. ओरखडा पडला तरी खाली टॅनच. त्यावर काळा मारला की पहिल्याच ओरखड्याला खालचं बिस्किट दात काढून हसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "मारून टाक" मधलं ते "टाक". या एका क्रियापदात आपली अख्खी कार्यसंस्कृती आहे. करून टाक, ढकलून टाक, रिलीज करून टाक, बाकी नंतर बघू. मी रोज ज्या कोडमध्ये काम करतो तो असाच "टाकत टाकत" बनलाय. खाली काय आहे हे न बघता वरून एकेक थर चढवलेला. तो कधी सोलतो? नेमका शुक्रवारी संध्याकाळी.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी फक्त उपदेश करतोय असं वाटायला नको.

पहिल्या वीकेंडला मीही "टाकलंच" होतं. फॅक्टरीच्या टॅनशी जुळतो असं लेबलवर लिहिलेला तयार स्प्रेचा डबा आणला, पॅनेल ओल्या फडक्याने पुसलं, आणि फुस्स. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली असा काही जुळला म्हणून सांगू! बायकोला हाक मारून दाखवला. दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढली तर दार गुलाबी. गुलाबी! आणि रंगात जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे. तीन आठवड्यांनी कोपऱ्यातून पापुद्रा सुटला. पी हळद आणि हो गोरी, दुसरं काय.

यात तीन चुका होत्या आणि तिन्ही माझ्या.

खड्डे पडले ते सिलिकॉनमुळे. आधीच्या मालकाने डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे वर्षानुवर्षं मारलेले असणार. ते साध्या फडक्याने जात नाहीत. आधी भांड्यांचा साबण आणि ब्रश, मग मेण-ग्रीस काढणारं सॉल्व्हंट, मग बारीक घासणीने हलका हात, मग परत सॉल्व्हंट. झालं की नाही हे तपासायची युक्ती फुकट आहे: पाणी ओता. सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. मोत्यांसारखं गोळा झालं तर परत पहिल्यापासून.

पापुद्रा सुटला कारण मी सगळ्या प्लॅस्टिकला एकच समजलो. तुकड्याच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा छाप असतो. एबीएस असेल तर ते रंग धरतं. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे अळवाचं पान, त्यावर रंग ठरतच नाही, आधी अ‍ॅडहेजन प्रमोटरचा पातळ हात द्यावा लागतो. व्हिनाइलची तऱ्हा आणखी वेगळी. ते वाकतं, त्यामुळे रंगही वाकणारा हवा. साधा कडक रंग मारलात तर पहिल्या थंडीत भेगा. आणि बाजारात व्हिनाइलचा 'डाय' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा डाय नसतंच. कापडासारखं आत मुरत नाही. तो लवचिक रंगाचा पातळ थर असतो. नावावर जाऊ नका.

आणि गुलाबी? इथेच तर घोडं पेंड खातं. याला मेटामेरिझम म्हणतात. दोन रंग एका प्रकाशात अगदी सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात, फक्त त्या एका प्रकाशात त्यांची बेरीज सारखी येते. ट्यूबलाइटने मला फसवलं नाही. मीच एका टेस्ट केसवर विसंबून प्रॉडक्शनला गेलो.

मग रंगाच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे यंत्र आहे, पॅनेलवर टेकवलं की आकडे देतं. दोन रंगांतलं अंतर एका आकड्यात येतं, डेल्टा ई. तो साधारण १ च्या आसपास असेल तर फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. इंजिनिअर माणूस, मी खूश! पण यंत्र तुम्ही जिथे टेकवाल तिथला रंग सांगतं. मी टेकवायला दिला तो उन्हाने उतरलेला, वर तीस वर्षांचा मळ बसलेला कोपरा. यंत्राने तो मळ अगदी अचूक मोजला. गार्बेज इन, गार्बेज आउट. मी हे वाक्य लोकांना सुनावतो म्हणे.

तेव्हा कुठे खरा प्रश्न डोक्यात शिरला: जुळवायचं कशाशी? १९९५ च्या टॅनशी? तो टॅन आता माझ्या गाडीत कुठेच नाही. असलाच तर सीटच्या खाली, आर्मरेस्टच्या मागे, जिथे ऊन कधी पोचलं नाही तिथे. फॅक्टरी कोडप्रमाणे तंतोतंत रंग लावला, तरी शेजारच्या पिवळट सीटजवळ तो चूकच दिसणार. म्हणून माझं मत असं, आणि यावर भांडायची तयारी आहे: रंग कोडशी नाही, शेजाऱ्याशी जुळवायचा. जो भाग तुम्ही बदलणार नाही, तो आधी स्वच्छ करायचा आणि त्याला प्रमाण मानायचं. दारं दोन आहेत ना? मग दोन्ही एकदम रंगवायची. एकच रंगवून दुसऱ्याशी जुळवत बसण्यात आयुष्य जाईल. आणि जिथे शिवण, कड किंवा खाच आहे तिथेच थांबायचं. तिथे डोळा थोडा फरक माफ करतो. सपाट पॅनेलच्या मध्यावर कधीच करत नाही. गालिच्याच्या नादी मात्र लागू नका. तो तंतूंचा आहे, कडेकडेने त्याची छटा बदलतेच.

शेवटी रंग हातानेच मिसळला. पांढरा, पिवळा ऑक्साइड, थेंबभर काळा, आणि लाल जवळपास नाहीच. प्रत्येक नमुना पूर्ण वाळवून, सकाळच्या उन्हात, सावलीत आणि रात्री दिव्याखाली. ओला रंग बघून निर्णय घेऊ नका, वाळला की तो बदलतो. अकरा नमुने झाले. बारावा जुळला. मग पातळ पातळ पाच हात, कारण एकच जाड हात दिला की व्हिनाइलचं दाणेदार टेक्स्चर भरून जातं आणि पॅनेल प्लॅस्टिकच्या टबासारखं दिसतं.

दोन गोष्टी गंमत बाजूला ठेवून सांगतो. एअरबॅगच्या झाकणावर रंग मारू नका. ते ठरलेल्या रेषेवर फाटायला बनवलेलं असतं, त्याच्याशी खेळ नको. माझं स्टिअरिंगचं झाकण आजही जुनंच आहे आणि तसंच राहणार. आणि सॉल्व्हंटच्या वाफांना एन-९५ मास्क अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला मास्क लागतो. दोन भागांचे रंग, ज्यात आयसोसायनेट असतात, ते घरच्या गॅरेजमध्ये मारूच नका.

आता समोरच्या बाजूचंही ऐकतो. कुणी म्हणेल, वेळेची किंमत काय? सहा वीकेंड! कबूल. ज्याला गाडी फक्त ऑफिसला न्यायला हवी आहे त्याने सीट कव्हर घालावं आणि सुखाने जगावं. कुणी म्हणेल, जुनं ते जुनंच दिसू दे, रंग मारणं म्हणजे इतिहास पुसणं. या मंडळींबद्दल मला आदर आहे, पण वाकडं पॅनेल हा इतिहास नव्हे, ती गळती आहे. खुद्द माझदाने २०१७ मध्ये जपानात या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली आणि काही जुने भाग पुन्हा बनवले. बनवणाऱ्यालाच दुरुस्ती म्हणजे अपमान वाटत नाही. आणि हो, ज्याला मनापासून काळंच इंटिरिअर आवडतं त्याने खुशाल करावं. माझं भांडण काळ्याशी नाही. विचार टाळायला वापरलेल्या काळ्याशी आहे.

हे सगळं बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवत होतो. आमच्याकडे नाशिकला एक चेतक होती. तिचं उजवं पॅनेल चेपलं, पेंटरने रंगवून दिलं, आणि निळ्या स्कूटरला हिरवट निळं ठिगळ लागलं. शाळेत पोरं चिडवायची. मी बाबांना सांगितलं की ते म्हणायचे, "चालतंय की." माझा कायमचा समज होता की बाबांना रंगातलं काही कळत नाही. "चालतंय" या शब्दाचा माझा राग तेव्हापासूनचा.

बाबांनी फोन जवळ घेऊन दार बघितलं. मग म्हणाले, "छान जुळलाय. आपल्या चेतकचा नव्हता जुळला. मला रोज दिसायचं ते. पेंटर म्हणाला परत करून देतो, पण पैसे परत लागतील. तुझी क्लासची फी भरायची होती."

मी यावर काही बोललो नाही. त्यामुळे एक दुरुस्ती: ज्याच्याकडे पैसे नाहीत, किंवा वेळ नाही, त्याच्या "चालतंय"ला माझा नमस्कार. त्याला फरक दिसत असतो, तो गिळतो. माझा राग आपल्यासारख्यांवर आहे, ज्यांच्याकडे दोन्ही आहे आणि तरी ज्यांना फरक बघायचाच नसतो.

असो. रंग उरलाय, साधारण पाव डबा. न्यू जर्सीत कुणाकडे टॅन मियाटा असेल तर सांगा. पण आधी तुमचं दार उन्हात आणून दाखवा, ट्यूबलाइटखाली नको :)

ता.क. बायको म्हणते, आता घरातली भिंत कधी? भिंत पांढरी आहे. पांढऱ्याला मॅचिंगची भानगड नाही, असं म्हणणार होतो. गप्प बसलो.