रविवार कुणाचा?

आठवड्याचे वार सात असले, तरी कष्टकऱ्याच्या घरात वाट पाहिली जाते ती एकाच वाराची. शनिवारी संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या माणसाची चालसुद्धा वेगळी असते. पिशवी तीच, जिना तोच, पण पाऊल हलके पडते. पूर्वी, उद्या भोंगा नाही म्हणून. आता, उद्या मशीनवर अंगठा लावायचा नाही म्हणून.

वाचकहो, माणूस ओळखायचा असेल तर त्याला रविवारी पाहावे. सहा दिवस तो दुसऱ्याच्या हुकमाने उठतो-बसतो. तो कसा आहे हे त्या सहा दिवसांत कळत नाही, त्याचा साहेब कसा आहे एवढेच कळते. आमच्या चाळीत एक गृहस्थ आहेत. आठवडाभर एका इमारतीच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम करतात. रविवारी सकाळी मात्र ते खिडकीशी पाट टाकून बसतात, वर्तमानपत्र अंथरतात आणि शेजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळे उघडतात. त्या दोन-तीन तासांत त्यांना कुणी हाक मारलेली खपत नाही. पैसे घेत नाहीत. घड्याळ चालू झाले की कानाला लावतात आणि स्वतःशीच हसतात. तळमजल्यावरचे एक निवृत्त सफाई कामगार वर्तमानपत्रांतली कात्रणे कापून वह्यांत चिकटवतात, तीही घरी शिजवलेल्या खळीने. अशा चाळीस-एक वह्या त्यांच्या माळ्यावर आहेत. यांना कुणी विचारले, "काका, तुमचा छंद कोणता?" तर दोघेही म्हणतील, "आम्हा गरिबांना कसले आलेत छंद!" छंद हा शब्द आपल्या लोकांना अजून परकाच वाटतो. तो शाळेच्या फॉर्मात असतो, आणि त्याच्यापुढे मुलाने 'वाचन' असे लिहायचे असते.

हा रविवार आपल्याला आयता मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नावाची गोष्टच नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. त्या वर्षी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. मालकांनी तो कानावर घेतला नाही. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीला जी सभा झाली, तिला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1945 साली कारखान्यांच्या कायद्यात पगारी रजेची तरतूद आली आणि 1946 साली आठवड्याच्या कामाचे तास 54 वरून 48 वर आले. या दोन्ही विधेयकांच्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते सांभाळत होते ते आपले बाबासाहेब. आपण रविवारी दुपारी जेवून आडवे होतो, त्या झोपेच्या मागे इतक्या लोकांचे जागरण आहे.

आजच्या पोरांच्या हातून मात्र हा वार सुटत चालला आहे. शेजारच्या गल्लीतला एक मुलगा मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवतो. त्याला आम्ही विचारले, "सुट्टी कधी?" तो म्हणाला, "गाडी बंद केली की सुट्टी." पण रविवारीच मागणी जास्त, रविवारीच चार पैसे वर मिळणार, म्हणून रविवारी गाडी बंद करणे त्याला परवडत नाही. त्याचा साहेब दिसत नाही, आणि सभा भरवायची तर कुणासमोर भरवायची हेही कळत नाही.

पण हे सारे पुरुषांचे झाले. रविवारची गंमत सांगत बसलो असता चाळीतल्या एका वहिनी आम्हाला म्हणाल्या, "अहो, रविवार तुम्हाला. आम्हाला आठवड्यात दोन सोमवार." आम्ही हिशेब मांडून पाहिला. रविवारी सगळे घरी, म्हणून चहा तीन वेळा. मटण आणायला पुरुष रांगेत उभा राहतो हे खरे, पण वाटण पाट्यावर असो की मिक्सरवर, ते करायचे वहिनींनी. आठवड्याचे कपडे, चादरी, गोधड्या याच दिवशी धुवायच्या. साखरपुडे, नामकरणे, मंडळाच्या बैठका याच दिवशी, आणि पाहुणे आले की स्टोव्ह पुन्हा पेटलाच. 2019 साली केंद्र सरकारने देशभर पाहणी करून माणसांचा वेळ मोजला. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होते आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे 97. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस. बाकीचे चौऱ्याहत्तर काय करीत असतील ते आम्ही लिहीत नाही.

चाळीतल्या अकरा जणींनी गेल्या हिवाळ्यात ठरवले, की एक रविवार आपला. कुठे जायचे? कान्हेरी लेण्यांत. घरातून विचारणा झाली, "आणि जेवणाचे?" उत्तर आले, "सामान भरून ठेवले आहे." सामान भरलेले होते, शिजवलेले नव्हते.

त्या दिवशी रेल्वेचा ब्लॉक होता. रूळ दुरुस्त करायला रेल्वेलाही रविवारच सापडतो, आणि कष्टकऱ्याला बाहेर पडायलाही रविवारच. दोन गाड्या बदलून बाया बोरिवलीला पोहोचल्या. उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. शंभराहून जास्त लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आणलेली. मोठे चैत्यगृह पाहून साऱ्याजणींनी वंदना घेतली. पण परतल्यावर त्या बोलत होत्या ते पाण्याबद्दल. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात पाण्याची पोढी कोरलेली आहे, डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी त्यात उतरवलेले. रोज पहाटे नळावर हंडे लावणाऱ्या बायांच्या नजरेने हे बरोबर टिपले. "दाराशी पाणी आणि बसायला दगडी ओटा," एक जण म्हणाली, "भिक्खूंना विचार करायला जमले त्यात नवल नाही." लेणी पाहिलेल्या शिकलेल्या माणसांकडूनही आम्ही हे ऐकले नव्हते.

इकडे चाळीत अकरा स्वयंपाकघरांत काय चालले होते ते सांगायला हवे. मीठ सापडेना. प्रत्येक घरातली मिठाची बरणी निराळी, आणि ती कोणती हे एकाच माणसाला ठाऊक, तो माणूस डोंगरावर. कुकरच्या शिट्ट्या किती हे विचारायला एकाने सात वेळा फोन लावला. जंगलात रेंज नव्हती. घड्याळवाले काका कांदा चिरताना दोनदा डोळे धुऊन आले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा उठले, परातीत ज्वारीचे पीठ घेतले आणि सफाईने भाकऱ्या थापू लागले. तरुणपणी गिरणीत होते तेव्हा बारा गाववाल्यांसोबत एका खोलीत राहिलेले. आम्ही म्हटले, "बाबा, तुम्हाला येते हे कधी बोलला नाहीत?" ते म्हणाले, "बायको गावाला होती तोवर येत होते. ती मुंबईला आली नि विसरलो."

संध्याकाळी सहाला बाया आल्या. पायऱ्या चढून पाय दुखत होते, पण आवाज मोठे होते. दोन सोमवारवाल्या वहिनी उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या. करपलेले पातेले त्यांनी पाहिले आणि पाहिले न पाहिले केले. मुलाने चहाचा कप हातात दिला. साखर जास्त पडली होती. त्यांनी तो सावकाश, शेवटपर्यंत घेतला.

पुढचा बेत कार्ल्याच्या लेण्यांचा आहे. लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतरायचे की एसटीने जायचे यावर अजून वाद चालू आहे. आजोबांनी मात्र आताच बजावून ठेवले आहे, की त्या दिवशी पीठ मळायला दोन तरुण पोरे लागतील. अकरा घरांच्या भाकऱ्या ते एकट्याने थापणार नाहीत.