शिबिरातले दादा-ताई कोण आहेत, ते विचारा

एप्रिल लागला की नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकतात. पोहणं, रोबोटिक्स, नाट्य, संस्कार वर्ग, पेंचजवळ दोन रात्री तंबूत. फी असते, फोन नंबर असतो. पण आपलं लेकरू दिवसभर ज्यांच्या हवाली करायचं, त्या दादा-ताईंबद्दल एक ओळ नसते. आपणही विचारत नाही. कूलर आहे का, नाश्त्याला काय देता, बस कुठपर्यंत येते, एवढं विचारून पैसे भरतो.

हे दादा-ताई बहुतेक वेळा कॉलेजची मुलं असतात. परीक्षा आटोपलेली, महिनाभराचं थोडं मानधन, शिकवायचं काय तर मातीकाम किंवा लेझीम. आणि शिबिर संपल्यावर मूल घरी येऊन सांगतं ते मातीकामाचं नव्हे, दादाचं. साहजिक आहे. दादा बाबांसारखा रागावत नाही, मास्तरांसारखे मार्क देत नाही, आणि तरी मोठा आहे. म्हणून घरी न निघालेली गोष्ट त्याच्यापुढे निघते: आईबाबांची भांडणं, गणिताची धास्ती, रात्री अंथरूण ओलं होण्याची लाज.

एकोणीस वर्षांच्या पोराने अशा वेळी काय करावं, हे त्याला कोणी सांगितलेलं असतं का? आयोजकांनो, हे पहिल्या दिवसाच्या आधी सांगा. ऐकून घे, मध्ये उपदेश करू नकोस. बाकीच्या पोरांत त्याची थट्टा होऊ देऊ नकोस. आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस, कारण काही गोष्टी शिबिरप्रमुखांना सांगाव्याच लागतात. ‘तुझ्या भल्यासाठी लागलं तर ताईंना सांगेन, पण आधी तुला विचारेन,’ एवढं प्रामाणिक उत्तर मुलांना पुरतं.

नागपूरकरांना या नात्याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली मुलं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल, म्हणजे आजचं स्लम सॉकर, उभं राहिलं. ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट सर्वदूर गेली, पण मला त्यातला पहिला क्षण महत्त्वाचा वाटतो: मुलं काय करताहेत, ते मोठ्या माणसाने आधी थांबून पाहिलं. तासातासाचं वेळापत्रक हातात घेऊन धावणाऱ्या दादाला असं थांबायला सवडच मिळत नाही. उपक्रम दोन कमी ठेवा.

दुसरं, दादा-ताईंनाही विश्रांती द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो. सकाळी साडेपाचला उठून मैदानावर उतरलेली ताई दुपारी तीनला चिडणारच, आणि तो राग नेमका सगळ्यात गरीब पोरावर निघतो. दुपारी पन्हं, पंखा आणि पाळीपाळीने तासभर झोप. मोठा खर्च नाही हा.

आता थोडं अवघड. जवळीक चांगली, लपवाछपवी वाईट. एका मुलाला एकटं घेऊन बंद खोलीत बसणं, एकालाच भेटवस्तू देणं, ‘हे आपल्या दोघांतच’ असं म्हणणं, रात्री वैयक्तिक मेसेज पाठवणं, हे कितीही लाडका दादा असला तरी चालू देऊ नका. बोलायचं तर झाडाखाली, सगळ्यांना दिसेल असं बसून बोला. निवासी शिबिरात रात्री कोण कुठे झोपतं, हे पालकांनी खुशाल विचारावं. विचारण्यात अविश्वास नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ सालचा आहे. तो अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला लागू होतो, आणि अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हा नंबर फलकावर मुलांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहा.

पालकांनो, तुमच्याकडेही थोडं येतं. मूल पहिल्या रात्री रडलं म्हणून लगेच गाडी काढू नका. ताईला एक रात्र द्या. दर दोन तासांनी फोन करून तिचा जीव खाऊ नका. उलट मुलाला दमा आहे, अंधाराची भीती आहे, नुकतेच आजोबा गेलेत, हे तिला आधीच नीट सांगा. फॉर्मवरच्या दोन ओळींत ते मावत नाही. आणि मूल घरी आल्यावर ‘काय शिकलास?’ याआधी ‘कोणाशी गट्टी जमली?’ असं विचारून बघा. आवडत्या दादाचं नाव घेताना ते खुलतं की गप्प होतं, तिकडे लक्ष असू द्या.

शेवटच्या दिवशी मुलं रडतात, वहीत नंबर मागतात. दादाने खासगी नंबर देऊ नये, पण एकदम तोडूही नये. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी एक रविवार ठरवून सगळ्यांना सेमिनरी हिल्सवर पालकांसह पुन्हा बोलवा. तारीख निरोपाच्या दिवशीच सांगून टाका, आणि त्या रविवारी दादा-ताई येतील याची जबाबदारी शिबिरप्रमुखांनी घ्यावी.