नोंद कृत्याची की जन्माची?

होटगी येथील आमच्या विहारात गेल्या महिन्यात वंदना आटोपल्यावर एक अर्ज सह्यांसाठी फिरविण्यात आला. गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची काही पाले उतरली आहेत. त्यांतील सर्व पुरुषांची नावे पोलीस ठाण्यात नोंदवून घ्यावीत व त्यांस हजेरी लावावी, असा त्या अर्जाचा आशय होता. कारण विचारले तेव्हा "ते लोक कसे असतात हे सर्वांस ठाऊकच आहे" एवढे उत्तर मिळाले. कोणाच्या घरी चोरी झालेली नव्हती. कोणी कोणास काही करताना पाहिलेले नव्हते. अर्जाखाली अकरा सह्या होत्या आणि त्या सर्व बौद्धांच्या होत्या. हे लिहिताना लेखणी जड होते. परंतु आपल्या घरातील केर आपणच काढावयाचा असतो.

बौद्ध बांधवांनो आणि भगिनींनो, "ते लोक कसे असतात" हे वाक्य आपल्या कानांस नवे नाही. खळ्यावरचे धान्य गेले, कोणाचे जनावर दगावले, की गावाचा पहिला संशय महारवाड्यावर जात असे. आपल्या आज्यांनी आणि पणज्यांनी तो संशय उंबरठ्यावर उभा राहून झेलला आहे. दीक्षा घेताना आपण सर्व मनुष्यमात्र समान असल्याची प्रतिज्ञा केली. ती करणाऱ्याने माळावरच्या शेजाऱ्याची पारख त्याच्या जातीवरून करावी, तर त्याने धर्म बदलला की केवळ दाखल्यावरचा शब्द बदलला, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

होटगी हे जंक्शन आहे. येथून एक मार्ग सोलापुरास जातो आणि दुसरा विजापूर, गदग, हुबळीकडे वळतो. इंग्रजी अमदानीत इकडे सोलापुरास आणि तिकडे विजापुरासही 'गुन्हेगार जमातीं'च्या सेटलमेंटी होत्या. सोलापूरच्या सेटलमेंटीस तारेचे कुंपण होते. कैकाडी, पारधी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींची कुटुंबे तिच्यात कोंडलेली असत आणि तेथील माणसे शहरातील गिरण्यांत राबत. त्या वस्तीस सोलापुरात आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. कुंपण गेले, नाव उरले.

ज्या कायद्याने ही कुंपणे घातली तो प्रथम १८७१ साली उत्तर हिंदुस्थानासाठी झाला, १९११ साली त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ साली त्यास एकत्रित रूप देण्यात आले. त्याची रीत अशी. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करावयाची. मग तिच्या माणसांची नावे नोंदवहीत चढवावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठराविक वेळी हजेरी घ्यावयाची, मुक्काम हलविण्यापूर्वी वर्दी द्यावयास लावावयाची. मुलांस आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही त्यात होता. जमात गुन्हेगार ठरविणारी ती जाहीर सूचना बरोबर की चूक, हे कोणत्याही न्यायालयाने तपासू नये, असेही कायद्यातच लिहून ठेवले होते. खून करून शिक्षा भोगून आलेला प्रतिष्ठित गृहस्थ मोकळा फिरे. ज्याने उभ्या आयुष्यात परक्याच्या काडीस हात लावला नाही असा पारधी मात्र रात्री हजेरीस उभा राही. मनूने जे काम पोथीत केले तेच काम साहेबाने नोंदवहीत केले. दोघांची शाई एकच. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमासंबंधीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती यांना एका रांगेत उभे करून, या वर्गांस जन्म देणाऱ्या संस्कृतीस संस्कृती तरी कसे म्हणावे, असा जाब विचारला होता. त्या रांगेतून आपण पुढे सरकलो म्हणून मागच्यास ओळखू नये काय?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. त्याच्या जागी राज्याराज्यांतून सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; मुंबई राज्याचा १९५९ साली आला. कागदावर हा पालट मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. जमातीऐवजी व्यक्ती आली, आणि ती व्यक्तीही ठराविक गुन्ह्यांसाठी किमान तीन वेळा कैदेची शिक्षा झालेली असावी, अशी अट आली. परंतु नोंदवही बदलली तरी ती लिहिणारा हात जुनाच राहिला. तीन शिक्षांची गोष्ट दूर; रात्री चौकात कोणास हटकावयाचे आणि चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालावर जावयाचे, हे तो हात सवयीनेच ठरवितो. २००७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने भारत सरकारास हा सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करण्यास सांगितले, ते उगाच नव्हे.

आता अर्जावर सही करणारे म्हणतील, मग आमच्या लेकीबाळींचे रक्षण कोणी करावयाचे? हा प्रश्न खोटा नाही. घोर अपराध करणाऱ्याची नोंद राहू नये, असे कोणी म्हणत नाही. दलितांच्या लेकींवर हात टाकून उजळ माथ्याने गावात मिरविणारे कमी नाहीत; त्यांची नावे कोठे तरी पक्की लिहिली जावीत, ही मागणी तर आपलीच असली पाहिजे. २०१८ सालापासून लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची एक राष्ट्रीय नोंद आहे. ती तपासयंत्रणेसच पाहता येते. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातही पूर्वीपासून एक कलम आहे, आणि २०२४ साली अमलात आलेल्या नव्या संहितेत ते कायम आहे. तीन वर्षे वा अधिक कैदेच्या शिक्षेस पात्र अशा काही गंभीर गुन्ह्यांत एकदा दोषी ठरलेला मनुष्य पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरून कैदेची शिक्षा पावला, तर सुटकेनंतर त्याने आपला पत्ता व पत्त्यातील बदल कळवीत राहावे, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. हा हुकूम न्यायाधीश देतो, शिक्षेबरोबर देतो, त्यावर अपील चालते, आणि पाच वर्षांपलीकडे तो जात नाही. नोंद अशी असावी. तिच्यात कृत्य आहे, पुरावा आहे, मुदत आहे. आपल्या अर्जात यांपैकी काय आहे?

तरीही सावध राहिले पाहिजे. २०२२ सालच्या नव्या कायद्याने दोषी ठरलेल्यांचीच नव्हे तर अटक झालेल्यांचीही मापे, ठसे, बुबुळांच्या खुणा घेण्याची मुभा दिली असून त्या नोंदी पंचाहत्तर वर्षे ठेवता येतात. निर्दोष सुटणाऱ्याची नोंद काढून टाकण्याची तरतूद आहे खरी. पण जो वारंवार संशयावरून धरला जातो त्याने ती कोणाच्या दारी जाऊन काढवून घ्यावी? कृत्याची म्हणून उघडलेली वही अशाच मागल्या दाराने पुन्हा जन्माची होते.

अर्जाच्या कर्त्याने माझ्यापुढे धम्माचाच आधार ठेवला, म्हणून त्याचाही विचार करू. राजाने ज्याचे नाव चोर म्हणून लिहून ठेवले आहे त्यास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम विनयपिटकाच्या महावग्गात आहे. खरे आहे. पण तेथे ज्याचे नाव लिहिले होते त्याने स्वतः चोरी केलेली होती. त्याच्या जमातीचे नाव कोणी लिहिले नव्हते. शिवाय तो नियम संघप्रवेशाचा आहे, धम्माचे दार बंद करण्याचा नव्हे. अंगुलिमालाची कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम घेतली आहे. राजा पसेनदी त्यास पकडण्यास निघाला, आणि भगवंतांपाशी शांत बसलेला भिक्खू हाच तो, हे कळल्यावर त्यास वंदन करून परतला. अंगुलिमालाने केलेले खून पुसले गेले नाहीत. भिक्षेस निघाला असता लोकांनी त्यास दगड मारले आणि ते त्यास सोसावे लागले. मात्र ते त्याच्या कृत्याचे फळ होते. माळावरच्या पोरांनी कोणते कृत्य केले आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाका, तुरुंगात जातीवरून कामे वाटू नका, विमुक्त जमातींच्या माणसांस मनमानीने अटक करू नका, असे त्या निकालात आहे. तुरुंगाच्या वहीतून निघालेला रकाना आपल्या विहारातील अर्जात यावा, यापरती नामुष्की कोणती? २००७ सालच्या मे महिन्यात मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांच्या मोठ्या समुदायाने बुद्ध धम्म स्वीकारला. उद्या या पालांतील एखादे कुटुंब त्रिशरण घेण्यास आपल्या विहाराच्या पायरीवर आले, तर त्यास आत घेण्यापूर्वी आपण ठाण्यातून दाखला मागविणार आहोत काय?

तो अर्ज अद्याप विहाराच्या कपाटात आहे. अकरांपैकी दोघांनी सह्या मागे घेतल्या. येत्या पौर्णिमेस तो पुन्हा काढण्यात येणार आहे, असे कळते. त्या दिवशी मी उपस्थित राहीन आणि प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखून मागेन: या माणसाने काय केले, कोणत्या दिवशी केले, आणि ते कोणी पाहिले.