गांज्याचा मळा आणि डॉक्टर बर्ड

जमैकात गाईडनं शेतातल्या हिरव्या झाडांकडे बोट दाखवून नाव सांगितलं आणि मी चमकलो. ‘गांजा’च! १८४५पासून करारानं उसाच्या मळ्यांवर आणलेल्या आपल्या मजुरांचा हा शब्द तिथं रुजलाय. रास्ताफारी पंथीयांनी या झाडाला उपासनेत स्थान दिलं, त्यापायी तुरुंग भोगला. २०१५च्या कायद्यानं घरटी पाच झाडांची मुभा मिळाली. दुपारी माँटेगो बेजवळच्या रॉकलँड्स पक्षी अभयारण्यात साखरपाण्याची इवली बाटली हातात धरून, श्वास रोखून बसलो. लांब दुहेरी शेपटीचा ‘डॉक्टर बर्ड’ हा हमिंगबर्ड बोटावर येऊन टेकला. वजन जाणवलंच नाही, फक्त पंखांचा वारा लागला. हा राष्ट्रीय पक्षी जमैकाबाहेर कुठंच आढळत नाही. तिकडं गेलात तर समुद्रकिनारा सोडून एक दुपार त्याच्यासाठी जरूर राखून ठेवा.